ताटाची रोजकीर्द

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंबा घाट लागण्यापूर्वी, शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे बाजारपेठेचे गाव लागते. एकेकाळी विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे हे ठाणे होते. आजही आसपासच्या वाड्यावस्त्यांचा किराणा, कापड, भांडीकुंडी येथूनच जाते. अशा पेठेतील कोणतेही दुकान घ्या. सकाळी शटर वर गेले, देवाला उदबत्ती लावली, की पहिला हात काट्याकडे जातो. वेलदोड्याची पुडी बांधताना ग्रॅमचा फरकही चालत नाही. रात्री गल्ला मोजला जातो, रोजकीर्द लिहिली जाते आणि दहा रुपयांचा मेळ लागला नाही तर दुकानदाराला स्वस्थ झोप येत नाही.

हाच मनुष्य दिवसभरात स्वतःच्या पोटात किती गेले याचा हिशेब मात्र अंदाजपंचे ठेवतो. ‘मी दोन वेळच जेवतो, वजन वाढते कसे तेच कळत नाही,’ हे वाक्य व्यापारी कुटुंबांत इतके रूढ आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर उष्मांक मोजणारी ॲप आली आहेत. खाल्लेला पदार्थ त्यात भरायचा, ॲप त्याच्या कॅलरी सांगते आणि दिवसअखेर बेरीज मांडते. घरातील सुना-मुलांच्या मोबाइलवर ती आधीच आहेत; आता डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेले साठीचे गृहस्थही ती वापरू लागले आहेत. या साधनाचा उपयोग किती, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि ते केव्हा बंद करावे, हे हिशेबाची सवय असलेल्या वर्गाने समजून घेणे अगत्याचे आहे.

उष्मांकाचे माप कोठून आले

कॅलरी हे उष्णतेचे माप आहे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, ती आहारशास्त्रातील एक कॅलरी, म्हणजे शास्त्रीय भाषेत एक किलोकॅलरी. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणूस आत राहू शकेल एवढी बंद खोली तयार केली आणि तिच्यात राहणाऱ्याने काय खाल्ले व शरीराबाहेर किती उष्णता टाकली याची मोजदाद केली. त्यांच्या कामातून आलेले आकडे आजही वापरात आहेत. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ ४, एक ग्रॅम प्रथिने ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९ उष्मांक देतात. तेल-तुपाचा हा ‘भाव’ साखरेच्या दुपटीहून अधिक आहे, एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तरी निम्मे काम होते. सामान्य गृहिणींना कॅलरी मोजण्याची सवय लावणारे पहिले गाजलेले पुस्तक लुलू हंट पीटर्स या डॉक्टर महिलेने १९१८ साली लिहिले.

भारतीय पदार्थांची मोजणी आपल्या देशातच झाली. निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत डॉ. ॲक्रॉइड यांच्या देखरेखीखाली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका १९३७ साली निघाली. पुढे हीच संस्था हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७१ चा ग्रंथ कित्येक दशके आहारतज्ज्ञांच्या टेबलावर होता. २०१७ साली या संस्थेने ५२८ अन्नपदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणा, गूळ यांचे विश्वासार्ह आकडे हवे असतील, तर आपल्याकडील मूळ आधार हाच.

वजन घटविण्याच्या ॲपमागील उपासमार

मोबाइलवरील उष्मांक-नोंदीचा जगभर पसरलेला एक जुना प्रकार म्हणजे २००५ साली अमेरिकेत सुरू झालेले मायफिटनेसपाल. त्यात बर्गर-पिझ्झाचे आकडे हवे तेवढे मिळत. पोळी, आमटी, उसळ यांची मात्र पंचाईत होती. ही उणीव भरून काढणाऱ्या भारतीय ॲपमध्ये बेंगळुरूच्या हेल्दीफायमीचे नाव पुढे येते. त्याची सुरुवात २०१२ सालची. तिच्या आधीची हकीगत मोठी बोलकी आहे.

तुषार वशिष्ठ आणि मॅथ्यू चेरियन हे परदेशात राहून आलेले दोन तरुण. सामान्य भारतीय माणूस किती पैशांत दिवस काढतो हे अनुभवावे, म्हणून २०११ साली ते बेंगळुरूत दररोज शंभर रुपयांत राहिले. नंतर केरळमधील एका गावात, त्या वेळी चर्चेत असलेल्या दारिद्र्यरेषेच्या आकड्याप्रमाणे, दररोज केवळ बत्तीस रुपयांत त्यांनी दिवस काढले. एवढ्या पैशांत पोट भरायचे, तर कोणत्या अन्नातून किती उष्मांक व किती प्रथिने मिळतात याचा हिशेब ठेवणे त्यांना भाग पडले. पुढे याच तुषार वशिष्ठ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हेल्दीफायमी उभे केले. पुरेसे मिळत नाही म्हणून ज्यांनी ताट मोजले, त्यांच्यापैकी एकाच्या हातून जास्त होते म्हणून ताट मोजणाऱ्यांचे साधन घडले. भरल्या घरात बसून कॅलरी मोजणाऱ्याने हा इतिहास विसरू नये.

गादीवरचा माणूस आणि शेतातला माणूस

माणसाला दिवसाला किती उष्मांक लागतात, हे मुख्यतः त्याचे वजन आणि त्याचे काम यांवर ठरते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला बैठे काम असेल तर २,११०, मध्यम श्रमाचे काम असेल तर २,७१० आणि कष्टाचे काम असेल तर ३,४७० उष्मांक लागतात. ५५ किलो वजनाच्या बैठ्या कामाच्या स्त्रीची गरज १,६६० एवढीच आहे.

हे आकडे मलकापूरच्या पेठेत ठेवून पाहावेत. पोती उचलणारा हमाल किंवा पावसात भाताची लावणी करून बाजाराला आलेला शेतकरी आणि गादीवर बसून बिल करणारा दुकानदार यांच्या गरजेत तेराशेहून अधिक उष्मांकांचे अंतर असू शकते. अनेक कुटुंबांत आजोबा गावोगाव पायी किंवा सायकलवर फिरून माल विकत. नातू गाडीतून दुकानात येतो आणि फोनवर ऑर्डर घेतो. श्रम दोन पिढ्यांत ओसरले, ताट मात्र आजोबांच्याच मापाचे राहिले. वजनवाढीचे एक मोठे मूळ येथे आहे.

‘मी काही जाड नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. वरून सडपातळ आणि आत चरबी, असा हा भारतीय देह. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त व २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा मानतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे ही धोक्याची खूण समजतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शिंप्याची साधी टेप ही ॲपपेक्षा आधी घरात यायला हवी.

न लिहिलेला खर्च

आता एका काल्पनिक दुकानदाराचा दिवस ॲपमध्ये भरून पाहू. तो दोन वेळ जेवतो; सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपतो; बाहेरचे फारसे खात नाही. दोन्ही वेळचे जेवण बाजूला ठेवून केवळ मधल्या गोष्टींची नोंद करू.

येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर अर्धा अर्धा कप चहा, दिवसातून पाच वेळा. दूध आणि साखर धरून एका अर्ध्या कपाचे सुमारे ६० उष्मांक, म्हणजे एकूण ३००. अकराच्या सुमारास मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा. ३० ग्रॅम शेंगदाण्यांचे १६० आणि १० ग्रॅम गुळाचे ४०, मिळून २००. दुपारी चारला बशीभर शेव-फरसाण, ४० ग्रॅमचे अंदाजे २२०. कोणाचा तरी मुलगा पास झाला म्हणून एक पेढा, ८०. बेरीज ८००.

ज्याला हा गृहस्थ खाणे म्हणतच नाही, त्याचे हे आठशे उष्मांक त्याच्या दिवसभराच्या गरजेच्या एक तृतीयांशाहून अधिक आहेत. जेवणाची दोन ताटे यात अजून धरलेलीच नाहीत. शिवाय चहाच्या एकेका अर्ध्या कपात ८ ग्रॅम साखर धरली, तर पाच चहांतून ४० ग्रॅम साखर गेली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसभराची मर्यादा २० ते २५ ग्रॅम सांगितली आहे. गूळ कोल्हापूरचा असला आणि साखरेपेक्षा गुणकारी मानला जात असला, तरी उष्मांकांच्या हिशेबात तो साखरेच्या जवळपासच आहे.

ॲपचा खरा उपयोग इथे दिसतो. ते चरबी जाळत नाही, भूक मारत नाही. किरकोळ खर्चाच्या वहीत न चढलेल्या चिठ्ठ्या ते बाहेर काढते. या गृहस्थाने दोन चहा सोडले आणि फरसाणाची बशी बंद केली, तर दिवसाचे ३४० उष्मांक वाचतात, महिन्याचे सुमारे दहा हजार. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे कागदावर महिन्याला सव्वा किलोहून थोडी अधिक घट दिसते, आणि पोळी-भाजीला हातही लावावा लागलेला नाही. प्रत्यक्षात घट याहून कमी होते आणि पुढे पुढे मंदावते. वजन उतरले की शरीराची गरजही उतरते आणि शरीर खर्च आखडते घेते. तिसऱ्या महिन्यात काटा हलेनासा झाला म्हणून निराश होऊ नये.

नोंद खरी हवी

नोंद ठेवल्याने वजन कमी होते का, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे १,७०० लोक होते. रोजच्या रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन मुळीच नोंद न ठेवणाऱ्यांच्या दुप्पट घटले. दुसरीकडे, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डॉक्टरांकडे येणाऱ्या २१२ स्थूल व्यक्तींपैकी निम्म्यांना मायफिटनेसपाल वापरायला दिले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. कारणही दिसून आले: पहिल्या महिन्यानंतर बहुतेकांनी ॲप उघडणेच जवळजवळ सोडले होते.

दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. वही विकत आणली म्हणून धंदा सुधारत नाही, ती रोज लिहावी लागते. आणि खरी लिहावी लागते. ‘कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या काही व्यक्तींची १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये कसून तपासणी झाली. त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आणि सांगितलेले श्रम प्रत्यक्षापेक्षा ५१ टक्क्यांनी अधिक निघाले. ही माणसे लबाड होती असे नव्हे. पोटाची वही मनुष्य आठवणीने लिहितो, आणि आठवण नेहमी स्वतःच्या बाजूने साक्ष देते. म्हणून नोंद खाण्याच्या वेळीच करावी. रात्री अंथरुणावर पडून केलेली नोंद निम्मी असते.

व्यायामाच्या रकान्याबाबत विशेष सावध राहावे. मध्यम बांध्याचा मनुष्य अर्धा तास चालला तर साधारण दीडशे उष्मांक खर्च होतात. ३० ग्रॅम शेवेत ते परत येतात. काही ॲप चालण्याचे उष्मांक जमेला धरून तेवढे अधिक खाण्याची मुभा देतात. ती मुभा घेऊ नये. चालणे हृदयासाठी, साखरेसाठी आणि झोपेसाठी चांगले आहे. ते खाण्याची उधारी फेडण्याचे साधन नव्हे.

जैन स्वयंपाकघराचा प्रश्न

जैन घरात ॲप वापरताना एक नेहमीची अडचण येते. ‘मिक्स भाजी’, ‘पावभाजी’ असे तयार पदार्थ ॲपमध्ये निवडले, की त्यामागे कांदा-बटाटा गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे बटाट्याच्या जागी कच्ची केळी येतात, पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य असते आणि ताटातला भार डाळी, पीठ व तुपावर जातो. ॲपने दाखविलेला आकडा अशा वेळी भलत्याच पदार्थाचा असतो. ताटाचा फोटो काढून उष्मांक सांगण्याची सोयही आता काही ॲपमध्ये आहे, परंतु आमटीत विरघळलेले तूप आणि भाजीत जिरलेले तेल कॅमेऱ्याला दिसत नाही.

यावर उपाय सोपा आहे. तयार पदार्थाचे नाव न भरता त्यात पडलेला कोरडा शिधा भरावा: पीठ इतके ग्रॅम, डाळ इतकी, तेल इतके. घरची नेहमीची दहा-बारा पक्वान्ने व भाज्या एकदा अशा वजन करून ॲपमध्ये साठवल्या, की पुढे रोजचा खटाटोप राहत नाही. खाकऱ्याबद्दलचा एक समजही तपासून घ्यावा. खाकरा हाताला हलका लागतो, कारण त्यातील पाणी उडालेले असते; पीठ मात्र तेवढेच असते. डायटचा म्हणून पाच-सहा खाकरे तूप लावून खाल्ले, तर वाचले काहीच नाही.

तेलाचा हिशेब तर मोबाइलशिवायही होतो. महिन्याला घरात किती तेल येते हे किराण्याच्या यादीत लिहिलेलेच असते. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर, म्हणजे सुमारे ४,६०० ग्रॅम तेल संपत असेल, तर दरडोई दररोज तीस ग्रॅमहून थोडे अधिक पडते. उष्मांक २७५ च्या आसपास. तूप त्याहून वेगळे. २,००० उष्मांकांच्या आहारासाठी संस्थेने सुचविलेल्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. तृणधान्ये २५०, डाळी ८५, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर. शाकाहारी कुटुंबाने कपात करताना डाळ, कडधान्य आणि दुधाला कात्री लावू नये. प्रथिने कमी पडली तर वजन उतरलेले दिसते, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आधीच स्नायू कमी व चरबी जास्त असलेल्या आपल्या देहाला तो तोट्याचा व्यवहार आहे.

जेथे आकडा घातक ठरतो

तीन ठिकाणी या साधनाबाबत कठोर सावधगिरी हवी. पहिले ठिकाण म्हणजे घरातील वाढत्या वयाच्या मुली आणि मुले. खाण्याच्या मानसिक विकारावर उपचार घेणाऱ्या १०५ व्यक्तींची एक पाहणी अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश जणांनी मायफिटनेसपाल वापरले होते आणि त्या वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांना आपला विकार वाढण्यास ॲपचा थोडाफार हातभार लागला असे वाटत होते. ॲपमुळेच विकार जडतो असे यावरून सिद्ध होत नाही. पण कुढणाऱ्या मनाच्या हाती हा आकडा शस्त्र होतो. लग्नाच्या वयाची मुलगी ताटावर बसून प्रत्येक घासाला मोबाइल पाहू लागली, जेवण टाळू लागली, पाळी अनियमित झाली, तर तिचे कौतुक करू नये; डॉक्टरांकडे न्यावे. ‘स्थळ पाहायला येणार आहेत, थोडी बारीक हो,’ हे घरच्यांचे सहज बोलणे किती खोल जाते, याचा विचार मोठ्यांनीच करायचा आहे.

दुसरे ठिकाण मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांचे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना ॲप पाहून आहार एकदम तोडला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. चौविहार पाळून सकाळी नवकारशीनंतरच पारणे करणाऱ्या व्यक्तीच्या पोटात थंडीच्या दिवसांत तेरा तासांहून अधिक काळ काही जात नाही. अशा वेळी औषधाची मात्रा व वेळ डॉक्टरांशी बोलून ठरविल्याशिवाय खाण्यात मोठी कपात करू नये. गरोदर व स्तनदा मातांनी तर वजन घटविण्याचा हा मार्ग स्वतःहून धरूच नये.

तिसरी बाब गोपनीयतेची. वजन, आजार, जेवणाच्या वेळा ही माहिती आपण एका कंपनीच्या स्वाधीन करतो. २०१८ साली मायफिटनेसपालच्या सुमारे १५ कोटी खात्यांतील नावे, ईमेल पत्ते व सांकेतिक स्वरूपातील पासवर्ड चोरीला गेल्याचे त्या वेळच्या मालक कंपनीने जाहीर केले होते. म्हणून बँकेचा पासवर्ड येथे वापरू नये, अनावश्यक परवानग्या देऊ नयेत आणि ॲप सोडताना खाते रद्द करावे.

मोजणी सर्वांनाच मान्य आहे असेही नाही. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर कॅलरी मोजण्यापेक्षा घरच्या, ऋतूच्या व परंपरेच्या अन्नावर भर देतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचविलेल्या पद्धतीत दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे असते. तेथे कॅलरींची बेरीज नाही. या मतांत वाद आहेत. तरी तिन्ही वाटांवर एक गोष्ट समान आहे: मधले अजाणता होणारे खाणे थांबते. वर मांडलेल्या दुकानदाराच्या आठशे उष्मांकांना तिन्ही पद्धती आपापल्या रीतीने गाठतात.

बत्तीस कवळ

मोजून खाण्याची कल्पना जैन परंपरेला नवी नाही. सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते. दिगंबर ग्रंथांत तिला अवमौदर्य म्हणतात. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस कवळ व स्त्रीचा अठ्ठावीस कवळ धरून त्याहून काही कवळ कमी घेणे, हे तिचे स्वरूप सांगितले आहे. येथे घास मोजणारा स्वतःच असतो आणि पोट भरण्यापूर्वी उठणे हा त्याचा स्वतःचा निर्णय असतो. ऊनोदरीचा हेतू कर्मनिर्जरा आहे, कंबर कमी करणे नव्हे. तपाला वजनाच्या काट्यावर ठेवणे योग्य नाही. तसेच उपवासाच्या आदल्या दिवशी आणि पारण्याच्या दिवशी ताट दुप्पट भरणाऱ्याने वजन उतरत नाही म्हणून तपाला बोल लावू नये. पण भूक शिल्लक ठेवून उठण्याचे जे वळण ऊनोदरीने लावले, तेच कोणत्याही ॲपला शेवटी साधायचे असते.

म्हणून ॲपकडे शिकाऊ उमेदवाराच्या नजरेने पाहावे. दोन-तीन महिने प्रामाणिकपणे नोंद केली, की वाटीत किती डाळ बसते, चमच्यात किती तूप मावते, बशीभर फरसाणाची किंमत काय, हे हाताला कळू लागते. मुरलेला दुकानदार जसा मूठ भरताच वजन सांगतो, तशी ताटाची पारख येते. ती आली की मोबाइल बाजूला ठेवावा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी व त्याच वेळी वजन करावे. महिन्यातून एकदा कंबर मोजावी. वजन पुन्हा दोन किलोने वर सरकले, तर आठवडाभर वही उघडावी, गळती कोठे आहे ते पाहावे आणि पुन्हा मिटावी.

संध्याकाळी सूर्य मावळण्याच्या बेताला मलकापूरच्या पेठेतील एखादा दुकानदार मुलाला गल्ल्यावर बसवून जेवायला घरी येतो. गिऱ्हाईक खोळंबलेले असते, मन दुकानातच असते, घास न चावता खाली जातात. त्याने मोबाइल उघडला नाही तरी चालेल. पण तेवढी वीस मिनिटे काटा आणि गल्ला मुलाच्या स्वाधीन करून, शांतपणे घास चावून जेवला आणि एक पोळी कमी घेऊन उठला, तर त्या दिवसाची त्याची रोजकीर्द बरोबर जुळली असे समजावे.